चाचणीची माहिती आधी गावात येऊ द्या

प्रति,
विदर्भातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागांचे प्रमुख आणि तेथील संशोधनाला मान्यता देणाऱ्या नैतिकता समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात राहणारा, जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक आहे. माझ्या धाकट्या भावाला वयाच्या तेविसाव्या वर्षापासून स्किझोफ्रेनिया आहे आणि आई गेल्यापासून त्याचे औषधपाणी मी पाहतो. पत्राखाली माझे नाव घातलेले नाही, कारण आमच्या गावात माझे नाव कळले की त्याचेही कळते, आणि आपल्या आजाराची माहिती कोणाला द्यायची हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे. मजकूर मात्र त्याला वाचून दाखवला आहे, आणि त्याने सांगितलेल्या दोन दुरुस्त्या मी केल्या आहेत.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या रुग्णालयात आमची नेहमीची फेरी होती. पहाटेची पहिली एसटी धरून, मध्ये गाडी बदलून, केसपेपर काढून आम्ही ओपीडीच्या रांगेत बसलो तेव्हा साडेदहा वाजले होते. आमचा क्रमांक आल्यावर नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि शेजारच्या टेबलावरील तरुण निवासी डॉक्टरांकडे आम्हाला पाठवले. त्यांच्यासमोर अकरा पानांचा एक अर्ज होता. चालू औषधांबरोबर एक जादा गोळी द्यायची, काहींना खरी आणि काहींना तिच्यासारखी दिसणारी पण औषध नसलेली, आणि काही महिने दर ठरावीक दिवसांनी तपासणीला बोलवायचे, असे त्या संशोधनाचे स्वरूप होते. डॉक्टर अतिशय नम्रपणे बोलत होते. त्यांच्या मागे रांग उभी होती आणि आमची परतीची गाडी अडीचला होती. अर्ज मराठीत होता हे खरे, परंतु त्या मराठीत ‘यादृच्छिकीकरण’, ‘प्रतिकूल घटना’ आणि ‘हस्तक्षेप गट’ असे शब्द होते. तीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाला ते वाक्य तीनदा वाचावे लागत असेल, तर ज्यांच्यासाठी ते लिहिले त्यांचे काय होत असेल याचा विचार करावा.

आता जे सांगतो ते माझ्याविषयी आहे. मी आधी सही केली. मग अर्ज भावापुढे सरकवला आणि बोट ठेवून म्हणालो, ‘इथे कर.’ त्याने सही केली, आणि बाहेर व्हरांड्यात आल्यावर मला हळूच विचारले, ‘नाई म्हनलं त माह्या गोया बंद करतीन काय?’ हा प्रश्न त्याने आत विचारायला हवा होता, किंवा खरे म्हणजे तो विचारण्याची त्याला गरजच पडू नये अशी व्यवस्था आत असायला हवी होती. मी त्याला ‘नाही’ असे उत्तर दिले, पण ते मला स्वतःला ठाऊक होते असे म्हणता येणार नाही. जे डॉक्टर वर्षानुवर्षे आपल्याला मोफत औषध देत आले, त्यांच्याच दालनात, त्यांच्याच सहकाऱ्याला, रांग खोळंबलेली असताना नकार देणे हे ग्रामीण माणसाला जमत नाही. त्याला तुम्ही संमती म्हणता, आम्ही त्याला भीड म्हणतो.

या पत्रातील माझे मुख्य म्हणणे इतकेच आहे की मानसिक आजारांवरील चाचण्यांची माहिती रुग्णाला ओपीडीच्या टेबलावर पहिल्यांदा मिळू नये. ती त्याआधी, उघडपणे आणि समजेल अशा भाषेत त्याच्या गावात पोहोचलेली असावी. पुढे जे लिहितो ते या एका मागणीचे स्पष्टीकरण आहे.

कोणी म्हणेल की माहिती उघडच आहे. ती कशी उघड आहे हे मला पुढे मुंबईत शिकणाऱ्या पुतणीकडून समजले. भारतात चालणाऱ्या चिकित्सा चाचण्यांची नोंदवही, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ साली सुरू केली. जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांसाठी नोंदणी सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंद झाली पाहिजे असा दंडक आला. केवळ औषधांच्याच नव्हे, तर समुपदेशनाच्या, योगाच्या, दूरध्वनीवरून आधार देण्याच्या चाचण्याही तिथे नोंदवल्या जातात. प्रत्येक नोंदीत चाचणी कुठे चालणार, कोणाला घेणार व कोणाला वगळणार, नैतिकता समितीची मान्यता मिळाली आहे का, भरती सुरू आहे की संपली, हे सारे असते. शास्त्रीय नावाखेरीज सामान्य लोकांसाठी एक सोपे नाव द्यावे लागते आणि लोकांच्या चौकशीसाठी एका व्यक्तीचा संपर्कही. व्यवस्था उत्तम आहे. ती इंग्रजीत आहे. पुतणीने आमच्या अर्जावरील क्रमांक घालून आमचीच चाचणी मला पडद्यावर दाखवली तेव्हा ‘सामान्य लोकांसाठी’ असलेले नावही मला तिच्याकडून समजून घ्यावे लागले. आपल्याच भावावर चाललेल्या संशोधनाची माहिती मुंबईहून आलेल्या मुलीने आपल्याला वाचून दाखवावी, यात काहीतरी उलटे आहे.

ही उलटी गोष्ट सुलटी करणे फारसे खर्चाचे नाही. तुमच्या विभागात जी चाचणी सुरू होणार आहे तिचे एक पान, साध्या मराठीत आणि मेळघाटासाठी कोरकूत, गडचिरोलीसाठी गोंडीत सांगता येईल असे, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फलकावर लागावे. उपकेंद्राच्या भिंतीवर लसीकरणाचे वेळापत्रक लागतेच. १ मे किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ते वाचले जावे. आशाताईला ते तोंडी समजावून दिले जावे, कारण कोणाच्या घरात कोण रात्रभर जागते, कोणाला ‘बाहेरचं लागलं’ म्हणून भगताकडे नेले आणि कोणी दावणीची दोरी उचलून शेताकडे गेला होता, हे गावात सर्वांत आधी तिलाच कळते. रुग्णाचे नाव कोणी जाहीर करावे असे मी म्हणत नाही. चाचणीचे नाव जाहीर व्हावे असे म्हणतो. घरी बसून, जेवताना, भावकीतल्या शहाण्या माणसाशी बोलून, चार दिवस विचार करून माणूस तुमच्याकडे आला तर त्याचा होकार होकार असेल आणि नकारालाही लाज नसेल.

विदर्भातील खेड्यांना चाचणी म्हणजे काय ते कळणार नाही, असे एका सुशिक्षित गृहस्थांनी मला सांगितले. त्यांना विदर्भ माहीत नाही. ट्रायल हा शब्द आमच्याकडे बियाण्यांच्या कंपन्यांनी आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने केव्हाच पोहोचवला आहे. एकाच वावरात दोन वाण शेजारी शेजारी का लावायचे, एकाला चांगली जमीन आणि दुसऱ्याला खडकाळ कोपरा दिला तर निकाल खोटा का ठरतो, हे कपाशी लावणारा कोणताही शेतकरी तुम्हाला सांगेल. त्याच शेतकऱ्याला सांगा की कोणत्या रुग्णाला खरी गोळी द्यायची हे डॉक्टर स्वतः ठरवत नाहीत, चिठ्ठ्या टाकून ठरते, म्हणजे बरे होण्याची आशा असलेले सगळे एकाच बाजूला जमत नाहीत. आणि कोणाला काय मिळाले हे शेवटपर्यंत डॉक्टरांनाही माहीत नसते, म्हणजे त्यांचे मनही निकालाकडे झुकत नाही. त्याला ‘यादृच्छिकीकरण’ कळणार नाही, चिठ्ठी कळेल. मात्र त्याच दमात हेही सांगायला हवे की वावर उठून जाऊ शकत नाही, माणूस जाऊ शकतो, आणि तो कधीही, कारण न देता, गेला तरी त्याचे नेहमीचे उपचार चालू राहतील. आणखी एक गोष्ट आमच्या लोकांच्या मनात हटकून गोंधळ करते, तीही सांगावी: संशोधन म्हणजे उपचार नव्हे. नवी गोळी जास्त चांगली आहे हे ठाऊक असते तर चाचणी कशाला केली असती?

संशोधनासाठी खेड्याचे दार उघडले तर काय होते हे विदर्भानेच दाखवले आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना करून जे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध केले, त्यांतून पुढे देशभरातील आशाताईंच्या गृहभेटी आल्या. मनाच्या आजारांबाबत अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम झाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचलेल्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते, ते १८ महिन्यांनी २७.२ टक्के झाले. ही आधीची व नंतरची तुलना होती, चिठ्ठ्यांची चाचणी नव्हती. चिठ्ठ्यांची मोठी चाचणी गोव्यात झाली: १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९३ नैराश्यग्रस्तांपैकी ज्यांना पदवीधारक डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या, त्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांत सावरले, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. आणि माझ्या भावाच्याच आजारावर, स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांना घेऊन, सातारा, गोवा आणि तामिळनाडूत एक चाचणी झाली, जिचे निष्कर्ष २०१४ साली आले. घरी जाऊन आधार देणारा कार्यकर्ता असेल तर रुग्णाची स्थिती, थोडीशी का होईना, अधिक सुधारते असे तिच्यात दिसले. सातारा काही परदेशात नाही. तरी ही बातमी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आली नाही. मला ती पुतणीने सांगितली.

याच संदर्भात एक गोष्ट मला सलते. २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झाले आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. ज्या भागातील शेतकरी आत्महत्यांचे आकडे वर्तमानपत्रे दर हंगामात छापतात, तो भाग त्या सर्वेक्षणाच्या बाहेर राहिला. मोजदादीत आम्ही नसलो, तर आमच्यासाठी उपचार शोधताना आमची आठवण कोणाला कशी राहील? म्हणून मी चाचण्यांच्या विरोधात लिहीत नाही. उलट, त्या इथे व्हाव्यात अशी माझी इच्छा आहे.

आता कायद्याकडे येतो, कारण तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे आणि आम्हाला माहीत असल्याचे तुम्हाला माहीत असलेले बरे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९९ नुसार संशोधनात मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची स्वतःची, मुक्त आणि माहितीपूर्ण संमती घ्यावी लागते; मुलाखत घेण्यासाठीसुद्धा. ती व्यक्ती संमती देण्याच्या अवस्थेत नसेल आणि विरोध करत नसेल, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ती परवानगी नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णय घेण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीच्या, संमतीवर देण्यापूर्वी हे संशोधन संमती देऊ शकणाऱ्या लोकांवर होऊच शकत नाही असे प्राधिकरणाला पटवावे लागते. म्हणजे माझ्यासारख्या भावाने सही केली आणि काम झाले, असे कायद्याला मुळीच अभिप्रेत नाही. माझा भाऊ त्या दिवशी पूर्ण भानावर होता. त्याला विचारायला हवे होते. मी विचारले नाही आणि टेबलापलीकडूनही कोणी विचारले नाही. त्याने केलेल्या दोन दुरुस्त्यांपैकी एक इथली आहे: ‘विचारले नाही’ याऐवजी मी आधी ‘नीट विचारले नाही’ असे लिहिले होते.

लिहिता-वाचता न येणाऱ्या सहभागीसाठी निःपक्ष साक्षीदार लागतो, तो पूर्ण वेळ हजर असावा लागतो आणि त्याचीही सही लागते. हा साक्षीदार तुमच्याच विभागातील परिचारिका किंवा शिपाई असू नये, एवढी माझी विनंती आहे. आमच्या बाजूचा कोणी असावा. २०१० साली आंध्र आणि गुजरातमधील मुलींवरील लसीचा प्रकल्प थांबवावा लागला, तेव्हा वसतिगृहाच्या वॉर्डनांनी पालकांच्या जागी संमतिपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले होते. आमच्याकडे आश्रमशाळा आहेत. तिथे कोणी किशोरवयीन मुलांच्या मनःस्थितीचे संशोधन घेऊन आले, तर मुख्याध्यापकाची सही ही पालकांची सही नव्हे, हे तुमच्या समितीने आधीच लेखी बजावून ठेवावे. मी मुख्याध्यापक राहिलो आहे. वरून कागद आला की आम्ही किती भराभर सह्या करतो ते मला ठाऊक आहे.

भावाची चाचणी त्याच्यासाठी अर्ध्यावर संपली. सात फेऱ्यांपैकी तीन त्याने केल्या. चौथी ऐन वेचणीत आली आणि त्या आठवड्यात घरातल्या कोणाला दिवस मोडणे शक्य नव्हते. पाचव्या वेळी अवकाळी पावसाने आमचा नाला भरला. अर्जावरील दूरध्वनी दोनदा लावला, तो उचलला गेला नाही. पुढे आम्हीच संकोचलो. पुतणीने मला समजावले की अशा रुग्णांची नोंद पाठपुराव्यातून गळालेले अशी होते. शाळेत ‘गळती’ हा शब्द मी फार वर्षे वापरला आहे. पटावरून मूल गळले की कारण लिहून पाठवावे लागायचे: स्थलांतर, गुरे राखणे, लहान भावंड सांभाळणे. कारणांच्या त्या रकान्यातून आम्हाला हे कळायचे की मूल गळत नाही, शाळेची वेळ चुकते. तुमच्या तक्त्यात असा रकाना आहे का? मृगाच्या पेरणीत आणि दिवाळीपासूनच्या वेचणीत तपासणीच्या तारखा टाकू नयेत, काही तपासण्या ग्रामीण रुग्णालयात किंवा घरी येऊन कराव्यात, आणि एसटीचे भाडे व बुडालेली मजुरी त्याच दिवशी हातात द्यावी. ‘पैसे दिले तर तो मोह ठरतो’ हा आक्षेप मी ऐकला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वेच प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजीची भरपाई मान्य करतात. आपल्या खिशातून भाडे घालून विज्ञानाची सेवा करणाऱ्या मजुराकडे पाहून मोहाची चिंता करणे मला थोडे विनोदी वाटते.

इजा झाली तर काय, हेही त्या एका पानावर असावे. २०१९ च्या नवी औषधे व चिकित्सा चाचण्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत वैद्यकीय उपचार आणि नुकसानभरपाई मिळते, आणि प्रचलित उपचार उपलब्ध असताना ते न देता औषध नसलेली गोळी दिल्याने झालेले नुकसानही त्यात धरले जाते. आमच्या अकरा पानांत हे नवव्या पानावर होते.

तुमच्या समितीत कायद्याने एक सामान्य नागरिक सदस्य असतो आणि किमान निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असतात. माझी सूचना आहे की त्या सामान्य सदस्याने प्रत्येक संमतिपत्र शहरातील आपल्या घरी न वाचता एखाद्या उपकेंद्रात आशाताई आणि चार गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचावे. जे वाक्य दुसऱ्यांदा समजावून सांगावे लागेल, ते बदलावे. मी बोलावल्यास येईन. प्रवासखर्चही मागणार नाही, निवृत्तिवेतन आहे.

आणि एक काम राहिले आहे. आमची चाचणी नोंदवहीत पूर्ण झालेली दिसते. तिचे निष्कर्ष सहभागींना कोणी सांगितले नाहीत. त्या तीन फेऱ्यांच्या काळात भावाला रात्री झोप बरी लागत होती. तो म्हणतो ती त्या गोळीने. मी म्हणतो त्या वर्षी कर्ज फिटले होते म्हणून. त्याने त्या डबीचे झाकण, क्रमांकाच्या चिठ्ठीसकट, अजून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले आहे. दुसरी दुरुस्ती त्याने इथे सांगितली: हा प्रश्न पत्रातून वगळू नकोस. डबीत औषध होते की नव्हते, हे त्याला कळवावे. तो क्रमांक आम्ही संबंधित विभागाकडे वेगळ्या पत्राने पाठवला आहे आणि उत्तराची वाट पाहत आहोत.

आपला,
एका सहभागीचा भाऊ,
राळेगाव तालुका, जिल्हा यवतमाळ